थोरल्या पातीचे भाऊसाहेब

भाऊसाहेब राहतात अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, दुसऱ्या मजल्यावर; पण त्यांचा जीव गावच्या वाड्यात, आणि वाडा पडून जमाना झाला. त्यामुळे ते खरे राहतात कागदांत.

आडनाव मुद्दामच देत नाही. एक तर असे भाऊसाहेब तुमच्याही गल्लीत असणार. आणि दुसरं म्हणजे दिलंच, तर उद्या सकाळी माझ्या दारात उभे राहून विचारतील, "आडनाव लिहिलं, तं पाती काहून नाई लिहिली?" पाती म्हणजे देशमुखी घराण्याची शाखा. भाऊसाहेब थोरल्या पातीचे, अकोल्याची पाती धाकटी. अकोल्याचे दादासाहेब बरोबर उलटं सांगतात. दोघांचा मूळपुरुष एक, त्याला मुलं दोन, आणि त्यांतला थोरला कोण यावर पुढचं सगळं अडलेलं: लग्नात पहिलं पान कुणाचं, पोळ्याला तोरणाखालून आधी जोडी कुणाची जायची. बैल आता दोघांकडेही नाहीत, दादासाहेबांकडे ट्रॅक्टर आहे आणि भाऊसाहेबांकडे स्कूटर. मान मात्र दोघांकडेही शिल्लक आहे.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस सकाळी मालटेकडीला फिरायला जातो, संध्याकाळी अंबादेवीला, मधल्या वेळात गुडघे चोळतो. भाऊसाहेब रेकॉर्ड रूमला जातात. खांद्यावर रेक्झिनची बॅग, डोक्याला दुपट्टा, बॅगेत पाण्याची बाटली, भिंग, झेरॉक्सचे गठ्ठे आणि स्वतःच्या सेवापुस्तकाची एक नक्कल. ती कशाला, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "वेळ सांगून येत नाई."

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाबूला ते एकदम नक्कल मागत नाहीत. आधी त्याचं गाव विचारतात, मग मामाचं गाव, मग त्या मामाच्या गावचा देशमुख कोण होता आणि त्याचा कोणाशी कसा दावा चालला होता, हे त्याला उभ्यानं ऐकवतात. बाबूच शेवटी किल्ल्यांचा जुडगा पुढं करतो. "काकाजी, काय पाह्यजे ते पाहा. मले जेवाले जाऊ द्या."

कापडी रुमालाची गाठ सोडताना मात्र हा माणूस बघण्यासारखा असतो. आयुष्यभर बोटाला थुंकी लावून फायलीची पानं उलटली, ती सवय इथं मोडली. पोस्टकार्डाची कड हळूच पानाखाली सरकवून ते पान उचलतात, श्वास रोखतात, पान पलीकडं ठेवतात, मग श्वास सोडतात. कसरीनं पाडलेल्या भोकांत जी अक्षरं गेली असतील, ती ते वहीत पेन्सिलीनं भरून घेतात. ती अक्षरं नेहमी थोरल्या पातीच्या बाजूनंच निघतात. कसरीलाही काही अक्कल असते, असं दादासाहेबांचं यावरचं मत आहे.

त्यांची वंशावळ जुन्या कॅलेंडरांच्या पाठी डिंकानं जोडून केलेली आहे. ती उलगडली की हॉलमधून निघून स्वयंपाकघरात जाते. मूळपुरुष टीव्हीखाली, इंग्रजी अंमल सोफ्यापाशी, नातू गॅसच्या शेगडीजवळ. तेवढा वेळ वयनी ओट्याला पाठ लावून उभ्या राहतात. कुळावर पाय पडायला नको ना. मूळपुरुषाच्याही वर एक तुटक रेघ आहे, ती थेट सिंदखेडच्या जाधवांकडे जाते. वऱ्हाडातल्या कुठल्याही देशमुखाची वंशावळ वर वर नेत गेलं की सिंदखेडराजा लागतंच. रेघ तुटक का, तर "कागद यायचा हाये."

आता एक मान्य केलं पाहिजे, वऱ्हाडातल्या घराण्याचा माग काढणं पुण्यासारखं सोपं नाही. तिकडं पेशवे दफ्तराची एक दगडी इमारत आहे आणि आत हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. इथं एकाच पांढरीवर निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल, दोन्ही एकदम. लोक त्याला दुअंमल म्हणत. १८०३ साली अडगावला लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावचा तह झाला, आणि भोसल्यांचा हिस्सा उठला. १८५३ साली निजामानं कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १९०२ च्या करारानं ते कायमच्या पट्ट्यानं गेलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे कागद थोडे हैदराबादला, थोडे नागपूरला, थोडे अमरावतीच्या कॅम्पात, आणि उरलेले कुणाच्या तरी पेवात बुरशी खात. भाऊसाहेब हे सगळं एका दमात सांगतात आणि शेवटी म्हणतात, "चार सरकारं बदलली राजा, पण देशमुखी हालली नाई." पहिली सनद आपल्याला इमादशाहीनं दिली, असंही ते सांगतात. मी एकदा बोलून गेलो की अचलपूरच्या गादीवर बसलेला पहिला इमादशहा हा मुळात लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडून आणलेला कानडी मुलगा होता, बंदीवान म्हणून वाढला आणि पुढं वऱ्हाडचा मालक झाला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सनद तिथल्या तिथं रद्द होते की काय असं वाटलं. नंतर काही दिवस ते "इमादशाही" ऐवजी "तत्कालीन शासन" म्हणत होते.

या छंदाला जोर आला तो २०२३ मध्ये. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला अख्खा महाराष्ट्र अभिलेखांवर पडला. कोतवाल बुक, दाखल-खारीज रजिस्टर, पेरेपत्रक, हक्क नोंदणी, हे शब्द लग्नाच्या मांडवात ऐकू यायला लागले. मोडी वाचता येणाऱ्याला एकाएकी सोन्याचा भाव आला. वऱ्हाडाला हे नवीन नव्हतं. पंजाबराव देशमुखांनी कागदोपत्री कुणबी लावून घ्यायला सांगितलं, ही गोष्ट आमच्याकडे घरोघर सांगतात, आणि ज्यांनी ऐकलं त्यांची नातवंडं इंजिनिअर झाली. भाऊसाहेबांच्या आजोबांनी ऐकलं नाही. का, तर तेव्हा दादासाहेबांच्या आजोबांनी ऐकलं होतं.

आता नातू बारावीला आला. भाऊसाहेबांच्या घरात दोन फायली तयार झाल्या. लाल फायलीत शहाण्णव कुळी, देवक, सिंदखेड. ही पाहुण्यांना दाखवायची. हिरव्या फायलीत कुणबी. ही जात पडताळणीसाठी. लाल फाईल भरगच्च होती. हिरवीत एक शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर जातीच्या रकान्यात "हिंदू", आणि मागं चहाचा डाग. वयनी म्हणायच्या, "दोन्ही फायली एकाच कपाटात नका ठेवू. रात्री भांडतीन."

हिरव्या फायलीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यासाठीच आम्ही गावी गेलो, पडक्या वाड्यात. सोबत इतिहासात एम. ए. करणारी एक पोरगी, मोडीची सरकारी परीक्षा पास झालेली, कमी बोलणारी. देवघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात पत्र्याची पेटी निघाली. पेटीत वटवाघळाची लेंडकं, एक पितळी कुलूप, आणि त्याखाली सुतळीनं बांधलेली कागदांची पुंगळी. पोरीनं पायरीवर बसकण मारली, कागद मांडीवर सपाट केला आणि वाचायला लागली. साल, गाव, मूळपुरुषाचं नाव. नाव ऐकताच भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली. मग ती पुढं म्हणाली, "…कुणबीण…"

"थांब!" भाऊसाहेब उभेच राहिले. "काय म्हटलं? कुणबी?"

"कुणबीण."

"एकच झालं. कुणब्याची ते कुणबीण. साल कोणतं म्हटलं?"

"फसली १२१३. म्हणजे इसवी १८०३-०४."

"सदुसष्टच्या आधीचं!" ते ओरडले. कबुतरं उडाली. "दीडशे वर्षं आधीचं! बावा, जा, पेढे आण."

मी फाटकापर्यंत गेलो होतो. मागून पोरीचा आवाज आला, "काका, पूर्ण वाचू का?"

"वाच, वाच, जोरानं वाच."

"कुणबीण नामे गंगी, उमर अदमासे वर्षे दहा, रंग सावळा. लमाणाकडून खरेदी. किंमत रुपये बारा व जोंधळे एक कुडव. याच्याखाली दुसरी खरेदी आहे. घोडी एक, किंमत रुपये ऐंशी."

भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "या कागदात कुणबीण म्हणजे विकत घेतलेली मुलगी. बटीक. जातीचा संबंध नाही."

मी फाटकापाशीच उभा. पेढे आणायचे की नाही, याचा आदेश कुणी बदलला नव्हता.

तिनं मग परतीच्या रस्त्यात थोडंथोडं सांगितलं. पुण्याच्या दफ्तरात अशा नोंदी भरपूर आहेत. सरकारी पागेत, कोठीत, मोठ्या घरांत कुणबिणी असत. शेण, पाणी, दळण, निवडण त्यांच्याकडे. पोटाला धान्य आणि अंगाला लुगडं. लमाणांचे तांडे मीठ-धान्यासोबत मुलीही आणून विकत. दुष्काळात आईबाप विकत. बदकर्माचा ठपका ठेवून सरकार बाईला दासी करी. कुणबिणीच्या पोटचं मूल मालकाचंच. लग्नात मुलीसोबत आंदणही देत. म्हातारी झाली की कधीकधी सोडून देत, त्याचेही कागद आहेत. हे सगळं तिनं बसचं टाईमटेबल वाचावं तसं सांगितलं. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. १८०३ ची लढाई, गाविलगडाचा वेढा, तहाची तारीख १७ डिसेंबर, सगळं त्यांना तोंडपाठ; त्या धामधुमीच्या पाठोपाठ जो दुष्काळ पडला, त्यात जोंधळ्याचा एक कुडव म्हणजे काय, हा हिशेब त्यांच्या वंशावळीत आजवर आलाच नव्हता.

पण हेडक्लार्क तो हेडक्लार्क. शेरा मारला की त्यावर खुलासा करायचाच. आठवड्याभरात भाऊसाहेबांचे खुलासे तयार झाले, आणि ते एकामागून एक त्या पोरीपुढं ठेवायला मला सोबत घेऊन जात.

"दुष्काळ होता. आमच्या पूर्वजांनी पोरीचा जीव वाचवला."

"शक्य आहे. मग किंमत कशाला दिली लमाणाला? आणि पावती कशाला घेतली?"

"घरच्यासारखी ठेवत असतीन."

"घरच्यांची नोंद घोडीच्या वर करत होते का?"

मग ते शिवाजी महाराजांकडे गेले. "महाराजांनी १६७७ साली कर्नाटकात डचांना बजावलं होतं का नाई, माणसांची खरेदीविक्री आमच्या राज्यात चालणार नाई म्हणून?"

"बजावलं होतं," ती म्हणाली. "कौल आहे तसा. महाराजांचं बरोबर आहे काका. तुमचा कागद १८०३ चा आहे."

भाऊसाहेबांनी तो मुद्दा वहीत खोडला. ती पोरगी खालचं बोट न उचलता पुढच्या कागदावर गेली. मला तिचा हेवा वाटला. एवढं कमी बोलून एवढं पटवता येणं मला कधी जमलेलं नाही.

अमेरिकेतला भाचा हा पुढचा टप्पा. रविवारी व्हिडिओ कॉलवर भाऊसाहेबांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "तिकडं असं काही निघालं, तं लोक काय करतात?" भाचा उत्साही. त्यानं सांगितलं की तिकडं १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्याच आहेत. मालकाचं नाव वर, आणि खाली बहुतेक ठिकाणी नुसतं वय, लिंग, रंग. गुलामांची नावंच नाहीत.

भाऊसाहेब खुर्चीत सरसावले. "नावं नाईत? पाहा! आमच्या कागदात नाव हाये. गंगी. आपली संस्कृती आहे शेवटी."

भाच्यानं पुढं सांगितलं, इंग्लंडनं १८३३ च्या कायद्यानं आपल्या वसाहतींतले गुलाम सोडवले तेव्हा दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. लंडनच्या एका विद्यापीठानं त्या सगळ्या दाव्यांची यादीच लोकांसाठी खुली केली आहे. आडनाव टाकलं की निघतं.

"गुलामांना एवढे पैसे मिळाले?"

"नाही मामा. मालकांना. गुलाम गेले म्हणून."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्त कर्मचाऱ्याचा थकबाकीचा भाव आला. "मंग आपला दावा…?"

तो दावा बसत नाही, हे त्यांना समजावायला बराच वेळ लागला. त्या कायद्यानं कंपनी सरकारचा मुलूख वगळलेला होता. कंपनीच्या मुलखासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला, त्यानं गुलामगिरीला कोर्टात मान्यता राहिली नाही. भरपाई त्यातही नव्हती. आणि १८४३ साली वऱ्हाड कंपनीचं नव्हतंच, निजामाचं होतं. हे ऐकून त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अर्ज हैदराबादला करावा लागीन," ते म्हणाले. चेष्टेत म्हणाले की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच कॉलवर त्यांनी भाच्याला वाड्याचा किस्साही सांगितला, नेहमीचा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि खामगाव, अमरावती, अकोल्याच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशात पणजोबांच्या वडिलांनी मेळघाटचं सागवान आणून वाडा बांधला. भाचा म्हणाला, "मामा, तिकडचा कापूस गुलामच वेचायचे." भाऊसाहेब म्हणाले, "म्हणूनच तं भाव आला आपल्याला." आणि मग त्यांनीच चष्मा काढून पुसला. वाड्याचा किस्सा त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर तरी सांगितलेला नाही.

वयनींना हे सगळं उशिरा कळलं, कारण भाऊसाहेबांनी तो कागद ना लाल फायलीत लावला ना हिरव्या. गॅस सिलिंडरच्या पुस्तकात ठेवला. म्हणजे नेमका वयनींच्या हाती.

"कोण हे गंगी?"

भाऊसाहेबांनी सांगितलं. खुलाशांसकट.

वयनींनी खुलासे ऐकले नाहीत. त्यांनी वंशावळ मागितली. उलगडली. टीव्हीपासून निघाल्या आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत किचनकडे सरकायला लागल्या. "याची बायको कोण?"

"नाव मिळालं नाई. माहेर कारंज्याकडचं."

"याची?"

"दोन होत्या. कागदात नाई."

"तुमच्या आजीचं?"

"अवो, आजीले सगळे मायच म्हणत."

शेगडीपाशी पोचल्या तेव्हा त्या हसत होत्या. पण ते हसणं भाऊसाहेबांनी ओळखलं आणि एक पाऊल मागं घेतलं. "म्हणजे सात पिढ्यांत बाईचं नाव एकच, आन् ते बी इकत घेतलेलीचं. माह्यं नाव यात यावं असं वाटत असीन, तं पावती फाडाची का माह्यी?"

इथवर अकोल्याचा संबंध नव्हता. पण भाऊकीत गुपित राहत नाही. माझ्यामार्फत गेलं नाही एवढंच सांगतो. मे महिना, अकोल्यात उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि अशा उन्हात भाऊसाहेब बडनेऱ्याहून गाडी पकडून जठारपेठेत दादासाहेबांकडे दाखल झाले. आत कूलर, कांदा-कैरीचं पन्हं, आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा दोन्ही पाती समोरासमोर, मान न मागता बसलेल्या.

आजवर हे दोघं मूळपुरुष आपल्याकडे ओढत. आज दोघंही त्याला दुसऱ्याकडे ढकलत होते.

"मूळपुरुष काय, तुमचाच जास्त," भाऊसाहेब म्हणाले. "समाधी तुमच्या वावरात आहे."

"समाधी असली तरी नांदला तुमच्याकडं," दादासाहेब. "थोरल्या मुलाकडं नांदतो माणूस."

"थोरला तं तुम्ही तुमचा म्हणता."

"म्हणतो. पण लहान वयापासून तुमच्यात ऊठबस होती त्याची."

"खरेदी त्यानं केली असीन, पण पोरगी राबली तुमच्या घरी. दळणाचा मोठा सोपा तुमच्याकडंच होता."

दादासाहेब उठले, पन्ह्याचा ग्लास ठेवला, कपाटाशी जाऊन किल्ली फिरवली आणि थांबले. काय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. किल्ली परत फिरवली. "पाहू नंतर," म्हणाले.

कपाटात काय होतं ते दुसऱ्या आठवड्यात फोनवर कळलं. फोन स्पीकरवर होता, कारण भाऊसाहेबांना एका कानानं कमी ऐकू येतं, आणि मी तिथं चहा पीत बसलो होतो. दादासाहेबांकडे वाटणीपत्र होतं. मूळपुरुषाच्या दोन मुलांचं, सही-शिक्क्याचं. त्यांच्या आजोबांपासून ते कपाटात कुलपात होतं, कारण त्यात वडील बंधू म्हणून अमरावतीच्या पातीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तीन पिढ्या त्यांनी तो कागद दाबला. आणि आता स्वतःहून वाचून दाखवत होते.

"ऐका. 'वडील बंधू यांचे हिश्शास.' म्हणजे तुम्ही. बैल चार. तांब्याचं घंगाळ एक. समया दोन. कुणबीण गंगी, व तिचे मूल एक."

भाऊसाहेब काहीच बोलले नाहीत. आयुष्यभर ज्या ओळीसाठी रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवल्या, ती ओळ आली होती. घंगाळ, समया आणि गंगीसकट. लाल फायलीत लावावी तर शेवट वाचावा लागतो, शेवट झाकावा तर शिक्का झाकला जातो. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते "वडील बंधू, वडील बंधू" म्हणत आहेत.

"थोरली पाती तुमची," दादासाहेब पलीकडून मोठ्या मनानं म्हणाले. "मान्य. लेखी देतो. पुढच्या लग्नात पहिलं पान तुमचं."

"अक्षर स्पष्ट आहे ना?" भाऊसाहेबांनी विचारलं. "'वडील' मधला 'व'?"

"एकदम टपोरा. गंगीतला 'ग' बी."

वयनींनी फोन ओढून घेतला. "दादासाहेब, ते मूल पोरगा होता का पोरगी?"

"वयनी, तेवढी जागा कसरीनं खाल्ली आहे."

"बाप कोण ते लिहिलं आहे?"

पलीकडे कूलरचा आवाज येत राहिला. असल्या मुलांना जुन्या घरांत लेकवळे म्हणत, एवढं तिघांनाही ठाऊक होतं. दादासाहेब म्हणाले, लाइन खराब आहे. भाऊसाहेब म्हणाले, हो, इकडूनही खराब आहे. दोन्ही पातींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ठीक आहे, नक्कल पाठवा," भाऊसाहेबांनी घाईघाईनं आवरतं घेतलं. "दोन प्रती. एक अख्खी, आन् एक… समयांपर्यंतची."

फोन ठेवून वळले तर वयनी खाली बसल्या होत्या. वंशावळ टीव्हीखालून ओढून मांडीवर घेतली होती. मूळपुरुषाच्या खाली, दोन मुलांच्या रेघांच्या मधोमध त्यांनी तिसरी चौकट काढली, पट्टी न लावता, जरा वाकडी. आत लिहिलं, गंगी. तिच्यातून एक रेघ खाली ओढली आणि त्या टोकाला दुसरी चौकट काढायला लागल्या.

"अवो, थांब, थांब," भाऊसाहेब पेन्सिल शोधत खिसे चाचपत म्हणाले, "पेननं नोको लिहू. पोराची पडताळणी होऊन जाऊ दे, मंग पाहिजे तं शाई फिरव."

"त्याची पडताळणी होईन तवा होईन," वयनी म्हणाल्या, आणि शाईनंच चौकट पुरी केली.